घर जसंच्या तसं

लायल हॅगर्टीने उभा जन्म दुसऱ्यांची घरं विस्कटण्यात आणि पुन्हा लावून देण्यात घालवला. सिनेमावाले शूटिंगसाठी राहतं घर भाड्याने घेतात, घरातली माणसं पंधरा दिवस हॉटेलात जाऊन राहतात, आणि मग लायलसारखी माणसं आत शिरतात. पहिलं काम फोटो काढायचं. कपाटाचा प्रत्येक कप्पा, पलंगाखालच्या सपाता, फ्रीजवर चिकटवलेली दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, काही सोडायचं नाही. मग ते सगळं खोक्यांत भरून गॅरेजमध्ये ठेवायचं आणि त्या जागी सिनेमातल्या माणसांचा संसार मांडायचा. शूटिंग संपलं की फोटो समोर धरून घर जसंच्या तसं करून द्यायचं. लॉस एंजेलिसच्या व्हॅलीत हे 'जसंच्या तसं' कुलाचारासारखं पाळतात. कपाचा कान डावीकडे होता, तर तो डावीकडेच.

यात लायलचा हात धरणारा कोणी नव्हता. एन्सिनोतल्या एका खवट घरमालकिणीने एकदा परत आल्यावर दोन तास घरभर फिरून खोट शोधली. काही सापडेना तेव्हा तिने चिडून सोफ्याच्या गादीखाली हात घातला. तिथे शेंगदाण्याचं एक टरफल होतं. ते तिच्याच घरचं, महिन्याभरापूर्वीचं, आणि लायलने फोटोत पाहून परत तिथेच ठेवलेलं. बाईची बोलती बंद झाली. ही गोष्ट व्हॅलीतले लोक लायलच्या तोंडावर सांगत आणि तो मान खाली घालून हसे. त्याला याचा अभिमान होता, आणि का नसावा? माणसाला अभिमान धरायला एखादं टरफलसुद्धा पुरतं.

व्हॅलीत एका जातीचे सिनेमे दरवर्षी निघतात. त्यात एका घरात चोर शिरतात आणि नवराबायकोला रात्रभर खुर्च्यांना बांधून ठेवतात. या सिनेमांचा एक नियम आहे. नवराबायकोचं आधीच फाटलेलं असावं लागतं. सुखी जोडप्याच्या घरी चोर शिरले तर लोकांना नुसतं वाईट वाटतं. फाटलेल्या जोडप्याच्या घरी शिरले तर लोक पॉपकॉर्न घेऊन सरसावून बसतात. आणि ते फाटलेलं पहिल्या दहा मिनिटांत दिसावं लागतं, कारण अकराव्या मिनिटाला दार फुटतं. एवढ्या वेळात नट काय डोंबल बोलणार? ते वस्तूंनीच सांगावं लागतं.

लायलने असे तेरा सिनेमे केले होते आणि त्याच्याकडे साचा तयार होता. सोफ्यावर घडी घातलेली चादर आणि एकच उशी. बाथरूममध्ये दोन टूथब्रश, दोन वेगळ्या ग्लासांत. लग्नाचा फोटो भिंतीवर, पण केसभर तिरका. दारामागे अर्धी भरलेली बॅग. दिग्दर्शकाला रडवायची फारच हौस असली तर मेलेल्या मुलाची बंद ठेवलेली खोली. मग मुखवटे घालून चोर येतात, नवराबायकोला पाठीला पाठ लावून बांधतात, आणि जे वर्षानुवर्षं बोलले नाहीत ते दोघं तिथे बोलतात. नवऱ्याला गोळी लागते, फार नाही, खांद्याला. शेवटी पहाटे ऍम्ब्युलन्सच्या मागच्या पायरीवर दोघं एकाच घोंगडीत बसलेली दिसतात. संपला सिनेमा.

"चोरच लावायला हवेत," चुई म्हणायचा. चुई लायलबरोबर वीस वर्षं सामानाच्या ट्रकवर होता, मेक्सिकन, जिभेला हाड नसलेला. "माझ्या बहिणीने वकील लावला. नवरा गेला, घर गेलं, कुत्रा गेला. चोर लावले असते तर निदान कुत्रा तरी राहिला असता."

हे किस्से लायल घरी जेवताना बायकोला सांगे. नोरीन एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची, रुग्णांना तारखा द्यायची. तिला ऐकून घ्यायची सवय होती. एकदा तिने विचारलं, "त्या बायकोला काय हवं असतं?"

"कोणत्या बायकोला?"

"सिनेमातल्या."

"जिवंत राहायचं असतं. आणखी काय?"

"त्याच्या आधी," नोरीन म्हणाली. "चोर यायच्या आधी."

लायलने खांदे उडवले. त्याच्या कामाच्या कागदांत तसं काही लिहिलेलं नसे. नोरीनने ताटल्या उचलल्या आणि विषय तिथेच राहिला.

त्यांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. व्हॅलीतल्याच रिसीडात छोटं घर होतं, मागे लिंबाचं झाड. मूल झालं नाही, त्याचं दुःख दोघांनी वेगवेगळं करून संपवलं होतं. भांडण म्हणाल तर एकही आठवत नसे. आवाज चढलेला शेजाऱ्यांनी कधी ऐकला नाही. सिनेमातली फाटलेली लग्नं रोज हाताळणाऱ्या लायलला म्हणूनच आपल्या लग्नाची पक्की खात्री होती. आपल्या घरी सोफ्यावर चादर नाही, मग झालं तर.

चौदावा सिनेमा त्या ऑगस्टात टार्झानामधल्या एका घरात चालू होता. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन आणि आत रात्र, कारण सिनेमात रात्र होती. सगळ्या खिडक्यांना बाहेरून काळं कापड ठोकलेलं. सजावटीची मुख्य कॉरिना व्हेगा नावाची चौतिशीची बाई होती, तरतरीत आणि कामाला वाघीण. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत तिने दोन फळे लावले होते. एकावर लिहिलं होतं 'फाटलेलं', दुसऱ्यावर 'जुळलेलं'. पहिला फळा फोटोंनी गच्च भरला होता. दुसऱ्यावर एक टाचणी.

"शेवटच्या सीनमध्ये वर्षानंतरचं घर आहे," तिने शुक्रवारी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "दोघांचं पुन्हा जमलंय. ते घर मला दिसतच नाहीये. फुलदाणी नको. फुलदाणी ठेवली की खोटं वाटतं. बिघडलेलं दाखवायला आपल्याकडे शंभर वस्तू आहेत, नीट चाललेलं दाखवायला एक नाही. तुमच्यापैकी लग्न कोणाचं टिकलंय?"

सातजण होते. सहाजण छताकडे बघायला लागले.

"माझी टिकलीत," चुई म्हणाला. "तिन्ही मिळून बावीस वर्षं."

"तू गप्प बस."

"मग लायलला विचार. एकतीस वर्षं, एकच बायको. म्हाताऱ्याला म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे."

सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या. लायल कानापर्यंत लाल झाला. "मी माझ्या घराचे फोटो आणतो," तो म्हणाला. "बघ काही उपयोग झाला तर."

रविवारी नोरीन बहिणीकडे व्हेंचुराला गेली होती. हल्ली ती दर रविवारी जायची. लायलने कॅमेरा घेतला आणि परक्याच्या घरात शिरल्यासारखा आपल्याच घरात शिरला. धंद्याचा नियम असा की फोटो निघेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, आणि विचारही करायचा नाही. विचार केला की माणूस एखादी वस्तू नीट ठेवून देतो आणि घोटाळा होतो. फक्त टिपायचं. त्याने डावीकडून उजवीकडे, खोलीमागून खोली, सगळं घर टिपलं. चाळीस फोटो झाले. त्यातला एकही त्याने पाहिला नाही. दुकानातून छापून आणले आणि सोमवारी सकाळी पाकीट कॉरिनाच्या टेबलावर ठेवून तो ट्रक उतरवायला गेला. पाकिटावर नाव घातलं नाही. त्याला वाटलं, आपलंच आहे हे तिला कळेलच.

अकराच्या सुमाराला तो आणि चुई एक आरामखुर्ची घेऊन आत आले, तेव्हा त्याचे फोटो फळ्यावर लागलेले होते. पहिल्या फळ्यावर, 'फाटलेलं' लिहिलेल्या. कॉरिना समोर उभी राहून हाताखालच्या नव्या पोरींना समजावत होती.

"लायल, तुम्ही पण या. हे कोणीतरी सकाळी ठेवून गेलंय, सोनं आहे सोनं. मी कालपर्यंत सोफ्यावरच्या चादरी जमवत बसले होते. हे बघा. ही पलंगाची तिची बाजू. टेबलावर फक्त दिवा. चष्मा नाही, पुस्तक नाही, पाण्याचा ग्लास नाही. बाई इथे झोपतच नाही. झोपते कुठे? इथे. ही शिवणाची खोली. पाहुण्यांसाठी म्हणून खाट आहे, पण गोधडीची कड बघा, रोज ओढून घेतल्याने विरलीय."

लायलने खुर्ची हातातच धरून ठेवली होती.

"नवरा घोरतो," चुई घाईने म्हणाला. "म्हणून तिकडे झोपत असेल."

"असेल. मग हे कॅलेंडर? तारखांवर सगळीकडे एकच अक्षर आहे, पुरुषाचं. या महिन्यात या घरात बाईचं काहीच ठरलेलं नाही. किंवा ठरलंय, पण इथे लिहिण्यासारखं नाही. आणि हे बघा, दाराशी तिचे बूट. टोकं बाहेरच्या बाजूला. त्याचे आत तोंड करून आहेत, आल्या आल्या काढलेले. आणि भांडण म्हणाल तर कुठे खूण नाही. इतकं आवरलेलं घर! प्रत्येक वस्तू जागच्या जागी. अशा घरात चोर आले तर नेतील काय? नेण्यासारखं होतं ते आधीच गेलंय."

चुईने ते स्वयंपाकघर ओळखलं होतं. त्या टेबलावर बसून त्याने कितीतरी वेळा नोरीनच्या हातचा मक्याचा पाव खाल्ला होता. "कॉरिना, पुरे आता," तो म्हणाला.

"का?"

"बोलू दे तिला," लायल म्हणाला. "कामाचं आहे."

"तुम्ही आणलेत का हे? कोणाचं घर आहे?"

"ओळखीतल्या एकाचं."

कॉरिना पुन्हा फोटोंकडे वळली. ती वाईट बाई नव्हती. "सांगा मग त्याला," ती म्हणाली. "अजून वेळ असेल तर."

पोटात दुखतंय असं सांगून लायल निघाला. चुई मोटारीपर्यंत आला, खिडकीवर हात ठेवून उभा राहिला, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही.

साडेबारा वाजता लायल घरी पोचला. नोरीन साडेपाचला यायची. तो शिवणाच्या खोलीत गेला. खाटेखाली दोन खोकी होती, चिकटपट्टी लावून बंद केलेली. वर नोरीनच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'हिवाळ्याचे कपडे' आणि 'आईचं'. ती खोकी काल फोटोतही असणार. त्याने टिपली होती, पाहिली नव्हती. दुसऱ्यांच्या घरातलं टरफल दिसणारा हा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लायल खाटेवर बसला आणि त्याला रडू आलं. बराच वेळ तो रडला. मग डोळे पुसून विचार करायला लागला.

सिनेमात अशा वेळी दार फुटतं. इथे कोण फोडणार? घरात शिरून लग्न वाचवील असा कोणी चोर रिसीडात उपलब्ध नव्हता. साडेपाचपर्यंत चार तास होते आणि लायलला जगात एकच गोष्ट येत होती. त्याने ती करायचं ठरवलं.

गॅरेजमध्ये बुटांच्या एका खोक्यात जुने पोलरॉइड फोटो होते. तरुणपणी, धंदा शिकत असताना, कंपनीचे उरलेले फोटोकागद घरी आणून तो आपल्याच घरावर हात बसवायचा. लग्नाच्या चौथ्या वर्षीच्या वसंतातले चोवीस फोटो निघाले. रंग उडाले होते, पण घर दिसत होतं. जेवणाच्या जागेत, मधोमध टेबल. समोरासमोर दोन खुर्च्या. खिडकीला पिवळे पडदे. पलंगाच्या तिच्या बाजूला चष्म्याचं घर, दोन मासिकं, पाण्याचा ग्लास. शिवणयंत्र दिवाणखान्यात, उजेडाला.

लायल कामाला लागला. पडदे गॅरेजमधल्या पेटीत सापडले, त्यांना इस्त्री केली. शिवणयंत्र एकट्याने उचलून दिवाणखान्यात आणलं, कंबरेत चमक भरली तरी थांबला नाही. खोकी फोडून तिच्या आईची तसबीर पुन्हा खिळ्याला लावली. मासिकं त्या वर्षीची कुठून मिळणार, म्हणून आकार सारखे बघून दोन ठेवली. चष्म्याचं जुनं घर शिवणाच्या डब्यात होतं, ते आणून फोटोतल्याच कोनात ठेवलं. एकेक वस्तू फोटोबरहुकूम जागेवर बसत गेली तसतसा त्याचा जीव हलका होत गेला. साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना त्याने घाम पुसला, शेवटचा फोटो समोर धरून पाहिला, आणि त्याला खरोखर वाटलं की जमलं.

नोरीन आली. बूट काढले आणि टोकं बाहेर करून ठेवले. मग तिला पडदे दिसले.

"हे कुठे सापडले?"

"गॅरेजमध्ये. पेटीत."

ती खोल्यांतून फिरून आली. परत आली तेव्हा तिच्या हातात चष्म्याचं जुनं घर होतं. ती टेबलाशी बसली. लायल समोर बसला.

"कोणी सांगितलं तुला?" तिने विचारलं.

"कॉरिनाने. आमच्या सजावटीच्या बाईने. मी घराचे फोटो नेले होते. चांगल्या चाललेल्या घराचे म्हणून."

"आणि तिला फोटोवरून कळलं?"

"हो."

"ती मला कधी भेटलीय?"

"नाही."

नोरीन हसली. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं. "एका सकाळीत कळलं तिला," ती म्हणाली. "शाबास तिची."

"नोरीन, माझं चुकलं असेल. काय ते सांग तरी. बघ, मी सगळं परत लावलंय. पूर्वी होतं तसं. आपण तेव्हा सुखात होतो की नाही? हे बघ." त्याने तो फोटो तिच्यापुढे सरकवला, टेबलाचा.

नोरीनने चष्मा घातला आणि फोटो उजेडाकडे नेला. बराच वेळ ती बघत होती. तिचा चेहरा इतका मऊ झाला की लायलच्या मनात आशा आली. मग तिने फोटो त्याच्यापुढे ठेवला आणि एका जागी बोट टेकवलं. "हे काय आहे?"

लायल वाकला. फोटोत खिडकीखाली, गालिच्यावर, चार वाटोळे खळगे होते. धंद्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. "टेबलाच्या पायांच्या खुणा."

"टेबल कुठे आहे?"

"मधे."

"मग खुणा खिडकीत कशा?"

लायलने ते खळगे पुन्हा मोजले.

"त्या दिवशी सकाळी मी ते खिडकीत नेलं होतं," नोरीन म्हणाली. "एकटीने, ओढत ओढत. लिंबाला फुलं आली होती, मला सकाळची कॉफी तिथे बसून प्यायची होती. दिवसभर खूश होते मी. तू संध्याकाळी आलास. माझा मुका घेतलास, टेबल मधे सरकवलंस आणि मग फोटो काढलास."

"मी? मला आठवत नाही."

"तुला कसं आठवेल? तुला तेव्हाही कळलं नव्हतं. रागाने नाही केलंस. तोंडाने शीळ घालत होतास. मी पुढच्या आठवड्यात परत नेलं, तू परत आणलंस. मग पडदे बदलून पाहिले, मग शिवणयंत्र हलवलं. तू सगळं आपलं जागच्या जागी. पहिली काही वर्षं मी मोजत होते, मग सोडून दिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझा नवरा टेबल हलवतो म्हणून? तू दारू पीत नाहीस, बाहेर जात नाहीस, हात उगारला नाहीस. टेबलावरून भांडणाऱ्या बाईला लोक हसले असते. मीच हसले असते. तुझ्या सिनेमांतल्या बायकांना बरं असतं. चोर येऊन बांधतात, मग बोलावंच लागतं. आपल्याकडे कधी कोणी आलंच नाही, लायल. आपली दारं चांगली होती."

"आत्ता बोल ना. मी ऐकतोय."

"बोलले की आत्ताच."

लायल उठला. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "मला हलवू दे. आत्ता हलवतो, नोरीन. दोन मिनिटांचं काम आहे."

"हो ना," नोरीन म्हणाली. "दोन मिनिटांचंच होतं."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि तो टेबलावरून सोडवला. शनिवारी बहीण गाडी घेऊन येणार होती. व्हेंचुरात एक खोली पाहून ठेवली होती, दवाखान्याचीच तिथे शाखा होती, काम मिळालं होतं. हे सगळं तिने तारखा देतात तसं शांतपणे सांगितलं. मग उठून तिने दोघांसाठी अंडी केली. त्याने कंबर धरलेली पाहून मलम आणून दिलं. जाणारी माणसं काही वाईटच असतात असं नाही, हे लायलला आणखी जड गेलं.

शनिवारी ती गेली. शिवणयंत्र गाडीत चढवायला चुई आला होता. नोरीनने त्याला मिठी मारली, मग लायलला मारली, जास्त वेळ. कोणी काही मोडलं नाही, कोणाला कुठे गोळी लागली नाही.

पुढच्या आठवड्यात टार्झानाच्या घरात शेवटच्या सीनची तयारी झाली. कॉरिना अजून अडली होती. लायलने तिला न विचारता जेवणाचं टेबल मधून उचललं आणि खिडकीत नेलं, वाटेत येईल इतकं वाकडं. गालिच्यावरचे मधले चार खळगे ब्रशने उठवायला चुई पुढे झाला, तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. दिसू देत." टेबलावर त्याने एकच कप ठेवला. खुर्ची बाहेरच्या झाडाकडे वळवली. कॉरिना दारात येऊन उभी राहिली.

"हे कसं सुचलं?" ती हळूच म्हणाली. "इथे कोणीतरी कोणाचं तरी ऐकलंय."

"हं," लायल म्हणाला.

तिने दुसऱ्या फळ्यावरच्या त्या एका टाचणीला त्याचा फोटो लावला. तिला त्या आधीच्या फोटोंचं घर कोणाचं ते तोवर कळलं होतं. चुईच्या पोटात काय राहतंय? जेवणाच्या सुट्टीत ती आपल्या डब्यातला अर्धा सँडविच त्याच्यापुढे ठेवून गेली.

घरीही त्याने टेबल खिडकीत नेलं होतं. ती गेली त्याच संध्याकाळी. वरातीमागून घोडं, पण नेलं. रोज सकाळी तो तिच्या जागी बसून कॉफी प्यायचा. ऑगस्टात लिंबाला फुलं नव्हती, धुळीने माखलेली पानं होती आणि पलीकडे शेजाऱ्यांचं कुंपण. तरी तो बघायचा. तिने यात काय पाहिलं असेल, ते आपल्याला दिसतंय का, असं त्याला वाटायचं. कधी कधी थोडंसं दिसायचंही. व्हेंचुराला फोन करून तिला हे सांगावं असं त्याने मनाशी ठरवलं होतं. काय सांगायचं त्याची तो मोटारीत उजळणी करायचा: टेबल खिडकीत आहे, मी तिथेच बसतो, तू येऊन बघ एकदा. वसंतात ये.

तीन आठवड्यांनी टार्झानाचं घर परत लावून द्यायचा दिवस आला. सकाळी सातपासून लायल फोटो हातात धरून राबला. चमचे, चपला, औषधांच्या बाटल्या, मुलांची चित्रं. घरमालक आले, फिरून पाहिलं आणि म्हणाले, आम्ही गेलोच नव्हतो असं वाटतंय. चुईने लायलच्या पाठीत धपाटा घातला. कितीतरी दिवसांनी लायलला बरं वाटत होतं. आज फोन करायचाच, असं म्हणत तो घरी आला. किल्ली खुंटीला लावली, बूट काढले, शीळ घालत आत गेला आणि फोन उचलला.

नंबर फिरवता फिरवता त्याची नजर समोर गेली. टेबल मधोमध होतं; सकाळी तो त्याच टेबलाशी खिडकीत कॉफी पिऊन निघाला होता. त्याच्या दोन्ही तळहातांवर लाकडाच्या कडेचे ताजे वळ होते. टेबलाचे पाय जुन्या चार खळग्यांत नेमके बसले होते, केसाचाही फरक नव्हता.

व्हेंचुरात घंटी वाजायला लागली होती. लायलने फोन खाली ठेवला. ते टेबल परत खिडकीत न्यायला आता घरात कोणी नव्हतं.